क्लिपर्टनची वहिवाट

नकाशाची पाने चाळीत बसण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांना मी एक उद्योग सुचवतो. पॅसिफिक महासागराचे पान उघडावे, मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील अकापुल्को बंदरावर बोट ठेवावे आणि ते सावकाश नैऋत्येकडे सरकवावे. बराच वेळ निळ्या रंगाखेरीज काही लागत नाही. मग दहा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, माशीने कागद खराब केला असावा एवढासा एक ठिपका लागतो. नाव क्लिपर्टन. नकाशा चांगला असेल, तर नावाखाली बारीक अक्षरांत 'फ्रान्स' असे छापलेले असते. हा ठिपका मी प्रथम पाहिला, तेव्हा मला नवल वाटले ते बेटाचे नव्हे, त्या एका शब्दाचे. जवळचा मुलूख मेक्सिकोचा, नाव इंग्रज माणसाचे आणि मालकी फ्रान्सची! हे जमले कसे, याचा शोध घेत गेलो आणि एका तंट्याची हकीकत हाती लागली. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचावी अशी ती सर्वस्वी गोड नाही. तरी सांगावीशी वाटते.

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, ते क्लिपर्टनवर जवळजवळ काहीच नाही. झरे नाहीत, अरण्य नाही, नारळीची झाडे थोडकीच. हे कंकणद्वीप आहे. समुद्रातून वर आलेल्या एका जुन्या ज्वालामुखीभोवती प्रवाळांनी घर केले, ज्वालामुखी हळूहळू खाली खचला आणि प्रवाळांचे कंकण तेवढे पाण्यावर उरले. पूर्व पॅसिफिकमध्ये असे कंकणद्वीप हे एवढे एकच. त्याचा घेर सुमारे १२ किलोमीटर. धडधाकट माणूस तीन तासांत प्रदक्षिणा घालून निघाल्या जागी परत येईल. जमीन म्हणजे हे कंकणच. कोठे ती ४०० मीटर रुंद, तर कोठे इतकी अरुंद की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला आतले तळे आणि मध्ये ५० मीटरही जागा नाही. दोन पुरुषांहून अधिक उंच अशी जमीन सहसा सापडायची नाही. अपवाद एकच. आग्नेयेच्या बाजूला त्या जुन्या ज्वालामुखीचा एक सुळका अजून उभा आहे, २९ मीटर उंचीचा. दुरून येणाऱ्या खलाशाला बेट दिसत नाही. हा सुळका दिसतो, आणि तोही एखाद्या जहाजाच्या शिडासारखा.

आतले तळे पूर्वी समुद्राशी जोडलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याची मुखे वाळूने आणि प्रवाळांच्या चुऱ्याने बुजली. तेव्हापासून ते कोंडलेले आहे. पावसाचे पाणी वर तरंगते, म्हणून वरचा थर जवळजवळ गोडा. पण खोलवर सडक्या अंड्यांचा वास मारणारा विषारी वायू भरून राहिला आहे. बाहेरच्या बाजूला बंदर नाही, खाडी नाही. प्रवाळांच्या कडांवर लाटा अहोरात्र आदळत असतात. होडी किनाऱ्याला लावणे हेच मोठे संकट. मे ते ऑक्टोबर हे वादळांचे दिवस. मेक्सिकोचा सर्वांत जवळचा किनारा सुमारे १,१०० किलोमीटरांवर. या जागेचे वतनदार खरे पाहता दोनच, समुद्रपक्षी आणि नारिंगी रंगाचे जमिनीवरचे खेकडे. आणि खेकडे तर लाखांनी आहेत.

अशा जागेसाठी भांडायला कोण जाईल, असे वाचकांना वाटेल. पण एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांच्या विष्ठेला सोन्याचे मोल आले होते. शतकानुशतके साचलेली ही विष्ठा, तिला ग्वानो म्हणतात, हे शेतीचे उत्तम खत. युरोप-अमेरिकेतली शेते तिच्यासाठी हपापलेली होती. अमेरिकेने तर १८५६ साली कायदाच केला, की कोणाच्या ताब्यात नसलेल्या ग्वानोच्या बेटावर आपल्या नागरिकाने पाय ठेवला, तर ते बेट अमेरिकेचे समजता येईल. क्लिपर्टनचे दैव या विष्ठेने पालटले.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. जॉन क्लिपर्टन हा अठराव्या शतकाच्या आरंभी या समुद्रात स्पॅनिश जहाजे लुटणारा इंग्रज चाचा. बेटाला त्याचे नाव चिकटले. खात्रीची नोंद मात्र ३ एप्रिल १७११ ची आहे. त्या दिवशी मार्तँ द शासिराँ आणि मिशेल द्यू बोकाज या फ्रेंच कप्तानांनी बेट पाहिले. तो गुड फ्रायडे होता, म्हणून येशूच्या यातनांची आठवण ठेवून त्यांनी त्याला 'पॅशनचे बेट' म्हटले. मेक्सिकन लोक पुढे हेच नाव वापरीत. इतके अर्थपूर्ण नाव एवढ्याशा खडकाला विनाकारण मिळाले असे तेव्हा कोणालाही वाटले असते. दोनशे वर्षांनी ते खरे ठरले.

आता मुख्य प्रसंग. १८५८ साली फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या सरकारने ले कोआ द केर्वेगाँ नावाच्या नौदलातील लेफ्टनंटाला बेट ताब्यात घेण्यासाठी पाठवले. तो एका व्यापारी जहाजावर होता. १७ नोव्हेंबरला जहाज बेटापासून थोड्या अंतरावर असताना त्याने डेकवरच बादशहाच्या नावाने जाहीरनामा तयार केला आणि बेट फ्रान्सचे झाले! पुढल्या तीन दिवसांत काही खलाशी मोठ्या कष्टाने किनाऱ्यावर उतरले, टिपणे काढली गेली. दुसऱ्यांदा उतरण्याचा यत्न फसला आणि २० तारखेच्या संध्याकाळी जहाज निघून गेले. मागे झेंडा ठेवला नाही, खांब रोवला नाही, शिळा बसवली नाही. लेफ्टनंटाने होनोलूलूच्या फ्रेंच वकिलातीला कळवले आणि ८ डिसेंबरला तिथल्या 'पॉलिनेशियन' या इंग्रजी वृत्तपत्रात जाहीरनामा छापून आला. बस्स. यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे फ्रान्सने या बेटाकडे ढुंकूनही पाहिले नाही. जहाजावरचा एक कागद आणि वर्तमानपत्राचा एक स्तंभ, एवढा हा पुरावा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

१८९७ साल हा या कथेतला विनोदी अंक. २४ नोव्हेंबरला एक फ्रेंच युद्धनौका बेटापाशी आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कंपनीची तीन माणसे तिथे ग्वानो गोळा करीत होती. फ्रेंच जहाज दिसताच त्यांनी अमेरिकेचा झेंडा उभारला. फ्रान्सने अमेरिकेला जाब विचारला. अमेरिकेने जानेवारी १८९८ मध्ये कळवून टाकले, की आमचा या बेटावर काही हक्क नाही. परंतु तोवर मेक्सिकोला जाग आली होती. बेट मूळचे स्पेनचे, स्पेननंतर वारसाहक्काने आमचे, असे म्हणत त्यांची 'देमोक्राता' ही तोफांची नौका १३ डिसेंबरला तिथे पोचली. त्याच तीन माणसांना अमेरिकेचा झेंडा उतरवायला लावून मेक्सिकोचा चढवला गेला. दोघे बेट सोडायला कबूल झाले. तिसरा म्हणाला, मी इथेच राहणार. आणि तो राहिला! तीन राष्ट्रांच्या झेंड्यांपेक्षा या अनामिक मजुराची चिकाटी मला मोठी वाटते.

आपल्याकडे खेड्यात जमिनीचा तंटा उभा राहिला, की पहिला प्रश्न येतो: वहिवाट कोणाची? कागद कोणाकडेही असो, नांगर कोण धरतो? मेक्सिकोचा अध्यक्ष पोर्फिरिओ दिआस याचाही हिशेब असाच असावा. एका ब्रिटिश कंपनीला ग्वानोचा मक्ता देऊन १९०६ च्या सुमारास त्याने बेटावर वस्ती वसवली, त्या सुळक्यावर दीपगृह बांधले आणि शिपायांची तुकडी ठेवली. तुकडीचा प्रमुख रामोन आर्नो हा अधिकारी. नाव वाचूनच कळेल, घराणे मूळचे फ्रेंच. फ्रान्सविरुद्ध मेक्सिकोचा झेंडा राखायला फ्रेंच रक्ताचाच माणूस नेमला गेला, ही दैवाची थट्टा. १९०८ साली त्याचे आलिसिया रोव्हिरा हिच्याशी लग्न झाले आणि ही तरुण मुलगी नवऱ्याबरोबर बेटावर राहायला आली. शिपायांच्याही बायका आल्या, मुले झाली. १९१४ पर्यंत सुमारे शंभर माणसांचे ते एक गाव झाले. दर दोन महिन्यांनी अकापुल्कोहून जहाज येई आणि धान्य, भाजीपाला, पत्रे आणून टाकी. शंभर माणसांचा जीव त्या एका जहाजाला बांधलेला होता.

मध्यंतरी एक गोष्ट घडली, ती या शंभर जणांच्या कानांवर कितपत गेली असेल देव जाणे. २ मार्च १९०९ रोजी फ्रान्स आणि मेक्सिको यांनी हा तंटा लवादाकडे सोपवण्याचा करार केला. पंच ठरला इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल. हा राजा जुनी नाणी जमवण्यासाठी प्रसिद्ध. पण पंचाच्या कामातही नवखा नव्हता. १९०४ साली ब्रिटिश गियाना आणि ब्राझील यांच्या सीमेचा निवाडा त्यानेच केला होता आणि त्यात स्पष्ट म्हटले होते, की नुसता शोध लावून मुलूख आपला होत नाही. तिथे प्रत्यक्ष, अखंड आणि कायमचा ताबा असावा लागतो. १९०९ साली हा निवाडा ज्याने वाचला असेल, त्याला मेक्सिकोची बाजू भक्कमच वाटली असेल. प्रत्यक्ष ताबा? आहे. दिवा रोज लागतो, झेंडा रोज चढतो, पोरे अंगणात खेळतात. आणखी काय हवे?

राजाने निकाल द्यायला बावीस वर्षे लावली. ती बावीस वर्षे बेटावर कशी गेली, हे आता सांगायचे आहे.

१९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला. दिआस पळाला. एकामागून एक सत्ताधीश आले नि गेले, आणि राजधानीत ज्यांना आपली मान शाबूत ठेवण्याची पंचाईत, त्यांना पॅसिफिकमधल्या शंभर माणसांची कोठली आठवण! जहाजाच्या खेपा लांबत गेल्या आणि १९१४ मध्ये थांबल्या. त्याच वर्षाच्या आरंभी 'नोकोमिस' नावाचे एक अमेरिकन जहाज बेटाच्या कडांवर फुटले. त्याचे काही खलाशी उघड्या होडीतून वल्ही मारीत अकापुल्कोपर्यंत पोचले. उघड्या होडीतून हजार किलोमीटरांहून अधिक! त्यांनी वर्दी दिल्यावर 'क्लीव्हलंड' ही अमेरिकन युद्धनौका जूनमध्ये सुटकेला आली. तिच्या कप्तानाने आर्नोला सांगितले, तुम्हीही चला. सर्वांना जागा होती.

आर्नो गेला नाही.

या नकारापाशी मी अनेकदा थबकलो आहे. वेडेपणा म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. पण त्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. त्याच एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने मेक्सिकोचे वेराक्रूझ बंदर बळकावले होते; त्याच अमेरिकेच्या जहाजावर चढून ठाणे मोकळे करायचे? तंटा लवादापुढे, ताबा हाच पुरावा, आणि आपण गेलो तर पुरावाच गेला. हुकुमाशिवाय ठाणे सोडायचे नाही, हे शिपाईगिरीचे पहिले कलम त्याने पाळले. कलम पाळताना बायकामुलांचा विचार त्याने किती केला, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. त्या बायकांना तर होताच.

उपासमार झाली असे म्हणवत नाही. मासे होते, पक्ष्यांची अंडी होती. पण हिरवे पान नव्हते, फळ नव्हते, आणि मूठभर नारळ सगळ्यांना पुरणार कसे? स्कर्व्ही सुरू झाली. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उकलतात, माणूस अंथरुणाला खिळतो आणि जातो. एक लिंबू दिले तर जो रोग परततो, त्या रोगाने गावच्या गाव झिजत गेले. मागे राहिलेल्यांनी मेलेल्यांना वाळूत पुरावे आणि खेकड्यांपासून राखावे. १९१५ मध्ये आर्नोला क्षितिजावर जहाज दिसले, किंवा दिसल्यासारखे वाटले. उरलेल्या पुरुषांना घेऊन त्याने होडी समुद्रात लोटली. किनाऱ्यावरून बायका पाहत होत्या. होडी उलटली आणि एकही परतला नाही.

आता बेटावर राहिल्या त्या स्त्रिया, मुले आणि एक पुरुष. दीपगृहाचा रखवालदार व्हिक्टोरियानो आल्व्हारेस हा तोवर सुळक्यापाशी एकटाच राही. त्याने बंदुका गोळा करून आपल्या ताब्यात घेतल्या आणि स्वतःला बेटाचा राजा म्हणून जाहीर केले. पुढली दोन वर्षे त्याने या असहाय स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांचा तपशील घराघरांत वाचल्या जाणाऱ्या अंकात देण्याचे कारण नाही. प्रतिकार करणाऱ्यांना त्याने ठार केले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अखेर जुलै १९१७ मध्ये तिर्सा रेंदोन नावाच्या स्त्रीने त्याला मारले. आलिसिया आर्नो तेव्हा तिच्याबरोबर होती. आणि याच सुमारास, कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण नाक मुरडले असते अशा योगायोगाने, समुद्रात 'यॉर्कटाऊन' ही अमेरिकन युद्धनौका दिसली. महायुद्ध चालू होते. जर्मनांचा कोठे छुपा तळ आहे का, याचा तपास करीत ती तिकडे वळली होती. बेटावरच्या माणसांसाठी ती आलीच नव्हती. १८ जुलैला तिने त्यांना उचलले. स्त्रिया आणि मुले मिळून ११ जीव. शंभरांच्या गावातले हे शेवटचे अकरा. त्या स्त्रियांना खुनाच्या खटल्याचा त्रास होऊ नये, म्हणून नौकेच्या कप्तानाने आल्व्हारेसच्या मृत्यूची खरी हकीकत पुष्कळ वर्षे झाकून ठेवली. या साऱ्या प्रकरणात सरकारी गणवेशातील माणसाने दाखवलेला शहाणपणा शोधू गेलो, तर मला हा एवढाच सापडतो.

एक तारीख मात्र इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ५ फेब्रुवारी १९१७ रोजी मेक्सिकोची नवी राज्यघटना जाहीर झाली. तिच्या ४२ व्या कलमात राष्ट्राच्या भूमीत काय काय येते ते सांगितले आहे आणि त्यात नाव घेऊन 'पॅशनचे बेट' लिहिले आहे. म्हणजे घटनाकारांना बेट आठवत होते! ज्या दिवशी ही अक्षरे राष्ट्राच्या सर्वोच्च कायद्यात कोरली गेली, त्या दिवशी त्या बेटावर त्या राष्ट्राच्या अकरा लेकी-लेकरे खेकड्यांच्या सोबतीने दिवस काढीत होती. कायद्यात बेट मावले. त्यांना आणायला जहाज काही गेले नाही.

२८ जानेवारी १९३१ रोजी राजाचा निकाल आला. बेट फ्रान्सचे.

निकालाचा युक्तिवाद वाचताना कायद्याचे डोके किती थंड असते ते समजते. राजा म्हणतो: स्पॅनिश लोकांनी बेट शोधल्याचा पुरावा नाही, आणि असला, तरी १८९७ पूर्वी मेक्सिकोने तिथे आपली सत्ता कधी दाखवली नाही. म्हणून १८५८ मध्ये बेट बिनधनी होते. आता, ताबा म्हणजे सामान्यतः प्रत्यक्ष अंमल. परंतु जिथे माणूसच नाही, तिथे पहिल्या क्षणापासून विरोध करणारा कोणी नसतो, तेव्हा अशा जागी निःसंदिग्ध घोषणा केली की ताबा पुरा झाला. केर्वेगाँचा तो जहाजावरचा कागद आणि होनोलूलूच्या वर्तमानपत्रातला तो स्तंभ पुरेसा ठरला. फ्रान्सने पुढे बेट वापरले नाही खरे, पण सोडून दिले असेही म्हटले नाही. मग १८९७ मध्ये मेक्सिकोने येऊन झेंडा लावला तो दुसऱ्याच्या घरावर.

कायदेपंडित या निकालाला मोठा मानतात, आणि निर्जन बेटांच्या तंट्यात आजही त्याचा दाखला दिला जातो. युक्तिवादात खोट काढण्याइतका मी कायदा जाणत नाही. १९०४ च्या निवाड्यातला कडकपणा १९३१ मध्ये बराच सैल झाला, एवढे मात्र कोणालाही दिसेल. मला बोचते ते वेगळेच. या निकालाच्या हिशेबाने १८९७ नंतर बेटावर जे जे घडले, ते सारे अदखलपात्र. दीपगृह, झेंडा, वस्ती, आर्नोचा नकार, वाळूतली थडगी, यांतले काहीही पुरावा नव्हते. निकालपत्रात त्या माणसांचा उल्लेख देखील नाही. आणि तो नसणे न्यायाला धरूनच होते! जो ताबा राखण्यासाठी ती माणसे थांबली, त्याची खटल्यात गरजच नव्हती. १९१४ च्या जून महिन्यात ती सगळी 'क्लीव्हलंड'वर चढली असती, तरी निकालाचे एक अक्षर बदलले नसते.

मेक्सिकोने निकाल मानला. १९३४ साली घटनेच्या त्या कलमातून पॅशनच्या बेटाचे नाव काढून टाकण्यात आले. १९३५ मध्ये फ्रेंच नौदलाने येऊन पाटी बसवली. दुसऱ्या महायुद्धात काही महिने अमेरिकनांनी तिथे हवामानाचे ठाणे उघडले, तेही १९४५ मध्ये आटोपले. त्यानंतर कायमची वस्ती झालीच नाही. खरा कारभार जनावरांकडे गेला. ग्वानोच्या दिवसांत आणलेली डुकरे रानटी होऊन खेकडे आणि अंडी फस्त करीत होती. १९५८ मध्ये केनेथ स्टेजर नावाचा अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ आला, तेव्हा मुखवट्यासारखे काळे तोंड असलेल्या बूबी पक्ष्यांची संख्या दीडशेवर आली होती. त्याने ५८ डुकरे मारली. एकही शिल्लक ठेवले नाही. २००३ च्या गणतीत हे पक्षी लाखाच्या वर भरले. पुढे फुटलेल्या जहाजांतून उंदीर उतरले आणि पक्ष्यांपुढे नवे संकट आले, ती गोष्ट निराळी.

आता ग्वानोला कोणी विचारत नाही. पण समुद्राच्या नव्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे मासे आणि तळातली खनिजे त्या त्या देशाची ठरली, आणि या निर्जन कंकणाभोवती फ्रान्सच्या वाट्याला सुमारे ४,३५,००० चौरस किलोमीटर समुद्र आला. आपल्या साऱ्या महाराष्ट्राहून कितीतरी मोठा! बेटाचा कारभार पॅरिसमधून, सागरपारच्या प्रदेशांच्या मंत्र्याकडून चालतो. अधूनमधून फ्रेंच युद्धनौका येते, माणसे लाटांतून कशीबशी उतरतात, फाटलेला झेंडा बदलतात आणि निघून जातात. सुळक्यावर मेक्सिकोच्या दीपगृहाचा पडका बुरूज उभा आहे. आसपासच्या समुद्रात ट्यूना मासा विपुल, आणि तो धरायला येतात त्या मुख्यतः मेक्सिकन बोटी. २००७ साली दोन्ही देशांनी करार केला, त्याप्रमाणे या बोटींना फ्रान्सकडून परवाना घ्यावा लागतो. त्याचे पैसे पडत नाहीत.